यंदा चषक कोणाचा? दावेदार ठरवण्यामागचं साधं गणित

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतून बोलतोय, घरच्याच खोलीतून. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री माइक लावायचा, हे आपलं नेहमीचंच. ऑडिओत मागून कूलरचा आवाज ऐकू आला असेल, लिहिलेल्यात तरी तो नाही.

आजचा विषय फुटबॉलचा. वर्ध्यात फुटबॉल? हा प्रश्न येणारच. आपल्याकडे क्रिकेट, कबड्डी जोरात. फुटबॉल म्हटलं की विदर्भात आधी नागपूर-कामठीचं नाव निघतं. पण मी पुण्यात नोकरीला असताना माझा रूममेट कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला होता, आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मंगळवार पेठेतला. दोघं एकमेकांचे जिगरी दोस्त, एका ताटात जेवणारे. पण दिवाळीनंतर कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम सुरू झाला की रोज एकच वाद. "यंदा चषक आमचाच, भावा!" "तुमचा? गेल्या सामन्यात काय झालं बघितलंस न्हवं?" मी मधे बसून ऐकायचो. दोघंही हुशार, दोघांकडेही आकडे, तरी वाद कधीच मिटायचा नाही.

इंजिनिअर माणूस, त्यामुळे मला प्रश्न पडायचा: हा वाद मिटत का नाही? आजचा भाग त्यावरच आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "दावेदार कोण" हा एक प्रश्न नाहीये, ते तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. समोरासमोर बसलेले दोघं बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात आणि समजतात की आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

आधी कोल्हापूर समजून घेऊ

जे कधी तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूर हे कुस्तीचं शहर. प्रत्येक पेठेत तालीम. पोरं तिथे जोर-बैठका मारायची, आणि तीच तालीम पेठेचा कट्टाही असायची. गणपती, शिवजयंती, पूर आला तर मदत, सगळं तिथूनच. पुढे फुटबॉल आला आणि तोही या तालमींनीच उचलला. म्हणून संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. सोबत शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, आणखीही आहेत. जगात क्लबच्या नावात 'युनायटेड' आणि 'सिटी' असतं, इथे 'तालीम' असतं.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, हा सगळा कारभार बघते. सामने होतात छत्रपती शाहू स्टेडियमवर. वरिष्ठ गटात १६ संघ. दिवाळीनंतर सुरू होतं ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. आधी केएसएची लीग, आणि मग एकामागोमाग चषक स्पर्धा. सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक ही नावं तिथल्या पोरांना पाठ असतात.

आणि समर्थक? मोठ्या सामन्याला गॅलरी भरलेली, ढोल, झेंडे, घोषणा. फिफा वर्ल्ड कप आला की याच पेठांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे भलेमोठे फलक लागतात. भारत त्या वर्ल्ड कपमध्ये खेळत नाही, पण पेठ मात्र पूर्ण खेळते.

आता मुद्दा असा की आयएसएलमध्ये कोल्हापूरचा संघ नाही. एवढं प्रेम, एवढा पैसा, एवढा वेळ, हे सगळं एका शहरातल्या काही पेठांमधल्या स्पर्धेसाठी. त्यामुळे "यंदा कोण" या प्रश्नाला तिथे फार वजन आहे. हरणारा संघ टीव्हीवरचा नसतो, तुमच्या गल्लीतला असतो. गोल चुकवणारा तुमच्या शाळेतला असतो.

तीन प्रश्न

आता तो वाद उलगडू.

पहिला प्रश्न: सगळ्यात भारी संघ कोणता? म्हणजे उद्या सकाळी सगळे तंदुरुस्त असताना मैदानात उतरले तर कोण जिंकण्याची शक्यता जास्त? हा क्षमतेचा प्रश्न.

दुसरा प्रश्न: हंगामभर सगळ्यात जास्त कमावलं कोणी? सामने जिंकले, गुण मिळवले, चिखलात खेळले, उन्हात खेळले. हा कमाईचा प्रश्न.

तिसरा प्रश्न: हा विशिष्ट चषक कोण उचलणार? यात ड्रॉ आला, त्या दिवसाचा खेळ आला, टायब्रेकर आला. हा नशीब धरून अंदाजाचा प्रश्न.

माझा रूममेट म्हणायचा, "आमची टीम कागदावर एक नंबर हाय." तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होता. शेजारचा म्हणायचा, "पण गुण कोणाचे जास्त आहेत?" तो दुसऱ्या. दोघंही बरोबर, आणि म्हणूनच वाद अनंत.

एकाच वर्षी दोन विजेते

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. आयएसएलचा २०२३-२४ चा हंगाम. लीगचा शेवटचा सामना १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्यात, मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. मुंबईला बरोबरी पुरली असती. मोहन बागान २-१ ने जिंकलं. शेवटचा हिशेब: मोहन बागान ४८ गुण, मुंबई ४७. एका गुणाने लीग शिल्ड मोहन बागानकडे.

मग प्लेऑफ झाले. फायनल ४ मे २०२४, तेच कोलकाता, तेच दोन संघ. या वेळी मुंबई सिटी ३-१ ने जिंकली आणि आयएसएल कप घेऊन आली.

आता सांगा, त्या वर्षीचा चॅम्पियन कोण? शिल्डवाला म्हणतो २२ सामन्यांचा निकाल खरा. कपवाला म्हणतो फायनल जिंकतो तोच राजा. भांडायची गरजच नाही. शिल्ड दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, कप तिसऱ्याचं.

इंग्लंडमध्ये तर याहून गमतीशीर झालंय. २०१३ मध्ये विगन अॅथलेटिकने फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून एफए कप जिंकला. आणि त्याच हंगामात विगन प्रीमियर लीगमधून खालच्या विभागात घसरलं. कपचा राजा, लीगमध्ये नापास.

नॉकआउटचं गणित

असं का होतं? कॅल्क्युलेटर काढा, मोबाइलमध्ये आहेच.

समजा एक संघ खरोखर भारी आहे. कुठल्याही संघासमोर तो १०० पैकी ७० वेळा जिंकतो. १६ संघांची नॉकआउट स्पर्धा आहे, म्हणजे चषकासाठी सलग ४ सामने जिंकायचे. शक्यता किती?

०.७ गुणिले ०.७, असं चार वेळा. उत्तर येतं ०.२४.

म्हणजे सगळ्यात भारी संघसुद्धा १०० पैकी फक्त २४ वेळा चषक जिंकेल. उरलेल्या ७६ वेळा दुसरं कोणीतरी. तरीही तो एक नंबरचा दावेदारच आहे, कारण बाकी कुठल्याच संघाची शक्यता २४ इतकी नाही. प्रत्येक सामन्यात ५०-५० असलेल्या संघाची शक्यता काढा, ६ च्या आसपास येते.

हे एकदा डोक्यात बसलं की "दावेदार म्हणत होतात ना, मग हरले कसे?" हा टोमणा निकामी होतो. दावेदार म्हणजे नक्की जिंकणारा नव्हे. दावेदार म्हणजे ज्याच्या हरण्याचं आश्चर्य वाटू नये, पण ज्याच्याइतकी संधी दुसऱ्या कोणाकडे नाही, असा.

आता लीग घ्या. तोच संघ, १५ सामने, बरोबरीचा हिशेब सोपेपणासाठी सोडून देऊ. त्या संघाने निम्म्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता येते १०० पैकी साधारण ५. सामने वाढले की नशिबाचा वाटा कमी होतो. म्हणून लीग जिंकणारा संघ सहसा खरंच चांगला असतो, आणि चषक जिंकणारा कधी चांगला असतो, कधी त्या आठवड्यात तापलेला असतो. दोन्हींत मजा आहे, फक्त मजा वेगळी आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांचा गोंधळ

हाच वाद जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणात कुठे होतो माहितीये? अमेरिकेत, कॉलेज फुटबॉलवर. त्यांचं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात ते. आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला मित्र आणि पीटीचे सर येतात. तिथे एकेका विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखभर माणूस बसतो. कारण तेच, कोल्हापूरचं. गावाची आणि घराण्याची ओळख संघाला चिकटलेली असते.

तिकडची अडचण अशी की पहिल्या विभागात १३० च्या आसपास संघ, आणि एक संघ हंगामात १२-१३ सामनेच खेळतो. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग चॅम्पियनशिपला कोण जाणार? २०१४ पासून त्यांनी १३ जणांची निवड समिती नेमली. ती चार संघ निवडायची आणि त्यांच्यात सेमीफायनल-फायनल.

२०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले. आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद घेतलं. पण नोव्हेंबरमध्ये त्यांचा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, पायाच्या दुखापतीने बाहेर गेला. ३ डिसेंबरला समितीने यादी जाहीर केली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. अलाबामा एक सामना हरलेलं होतं, तरी आत. फ्लोरिडा स्टेट एकही न हरता बाहेर!

समितीचं म्हणणं साधारण असं, की ट्रॅव्हिसशिवाय हा संघ आधीचा राहिलेला नाही. म्हणजे समिती पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होती, भारी कोण. फ्लोरिडाचे लोक ओरडत होते की आम्ही एकही हरलो नाही. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत होते, कमावलं कोणी. प्रकरण इतकं पेटलं की फ्लोरिडा राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी सुरू करून कागदपत्रं मागवली. कोल्हापूरकरांनो, तुमचा वाद अजून तिथवर गेलेला नाही.

पुढच्याच हंगामापासून चारऐवजी बारा संघ घ्यायला लागले. आणि पहिल्याच वर्षी काय झालं बघा. ३० नोव्हेंबर २०२४ ला ओहायो स्टेट आपल्याच मैदानावर कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून १३-१० ने हरलं. समर्थक म्हणाले, संपलं सगळं. पण बारा संघांत त्यांना आठवं मानांकन मिळालं. मग टेनेसी, ओरेगॉन, टेक्सास आणि २० जानेवारी २०२५ च्या फायनलमध्ये नोत्र दाम, असे सलग चार सामने जिंकून ओहायो स्टेट चॅम्पियन. ज्या मिशिगनने त्यांना हरवलं, ते त्या बारांत नव्हतंच.

म्हणून "आम्ही त्यांना हरवलंय, मग आम्हीच मोठे" हे वाक्य जपून वापरा. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ हा क ला हरवेलच, असं फुटबॉलमध्ये चालत नाही. ते वजनकाट्यावर चालतं.

आपल्या विदर्भाचा धडा

आता म्हणाल, मग दावेदार नसलेला जिंकला की ते नुसतं नशीबच का? इथे आपल्या घरचं उदाहरण आहे, खेळ वेगळा असला तरी.

रणजी करंडक २०१७-१८. विदर्भ याआधी कधी फायनललाही गेलेला नव्हता. सेमीफायनलमध्ये कर्नाटकला फक्त ५ धावांनी हरवलं. मग इंदूरला फायनलमध्ये दिल्लीला ९ विकेट्सनी हरवून १ जानेवारी २०१८ ला करंडक आपला. कॅप्टन फैज फझल, कोच चंद्रकांत पंडित, आणि फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी.

तेव्हा बाहेरचे बरेच जण म्हणाले, लागला मटका. ५ धावांचा सामना इकडचा तिकडे झाला असता तर? प्रश्न रास्त होता. पण पुढच्या हंगामात नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने तोच करंडक पुन्हा जिंकला. आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्धच्या फायनलमध्ये पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा.

एकदा जिंकलं तर शंका घ्यायला जागा असते. सलग दोनदा जिंकलं की शंका घेणाऱ्याने आपलं गणित तपासावं. आकड्यांच्या भाषेत, नमुना मोठा झाला. पेठेच्या भाषेत, नाद करायचा नाय.

मग वाद घालायचा कसा?

वाद घालूच नका असं मी म्हणणार नाही. वाद हीच अर्धी मजा आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर "यंदा कोण" सुरू झालं की एवढं करून बघा.

एक, आधी विचारा, कोणता प्रश्न? भारी कोण, कमावलं कोणी, की हा चषक कोणाचा? अर्धे वाद इथेच मिटतात.

दोन, किती सामन्यांवरून बोलताय? तीन सामन्यांचा फॉर्म म्हणजे हवा. पूर्ण लीग म्हणजे पुरावा.

तीन, कोणाशी खेळून? तळाच्या संघाला ६-० ने हरवणं आणि वरच्या संघाशी १-१ बरोबरी करणं, यात कधी कधी दुसरी गोष्ट जास्त सांगून जाते. ड्रॉ बघा. एका बाजूला तीन तगडे संघ एकत्र आले असतील, तर दुसऱ्या बाजूच्या मध्यम संघाची शक्यता आपोआप वाढते.

चार, गोलफरक बघा. गुण सारखे असतील तर तो कामाला येतोच, पण एरवीही बोलका असतो. पाच सामने १-० ने जिंकलेला आणि पाच सामने ३-० ने जिंकलेला संघ गुणांत सारखे, पण पहिल्याचं प्रत्येक वेळी थोडक्यात निभावलंय.

पाच, मैदानात कोण उतरणार? जखमी कोण, कार्डामुळे बाहेर कोण, गोलकीपर कोणता. फ्लोरिडा स्टेटचं सगळं भांडण या एका ओळीत होतं.

सहा, आणि हे माझं आवडतं: वाद सुरू करण्याआधी सांगा की काय घडलं तर तुम्ही मत बदलाल. "पुढच्या दोन सामन्यांत बचावफळीने तीनपेक्षा जास्त गोल खाल्ले तर मी मानतो." असं काहीच सांगता येत नसेल तर तुम्ही वाद घालत नाही, घोषणा देताय. घोषणाही द्या, पण गॅलरीत.

आणि हे का महत्त्वाचं

शेवटचा मुद्दा थोडा गंभीर आहे.

कोल्हापुरात सामन्यांनंतर हुल्लडबाजी, दगडफेक, पोलिसांचा लाठीमार अशा बातम्या अनेक हंगामांत आल्या आहेत. फक्त कोल्हापूर नाही. ज्या ओहायो स्टेट-मिशिगन सामन्याबद्दल बोललो, तो संपल्यावर मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलरचा दंड झाला.

आता याची सुरुवात अनेकदा आपल्या हातातल्या फोनवर होते. कोणीतरी डिवचणारं स्टेटस ठेवतो, कोणीतरी हरलेल्या खेळाडूच्या रडण्याचा रील करतो, त्यावर गाणं लावतो. सामना ९० मिनिटांत संपतो, स्टेटस २४ तास राहतं. मग रात्री चौकात गाठाभेट.

किंमत कोण मोजतो? एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. गुन्हा दाखल झाला की तो पोलीस भरतीच्या पडताळणीत निघतो, पासपोर्टला निघतो, कंपनीच्या बॅकग्राउंड चेकलाही निघू शकतो. एका चषकासाठी पुढची कित्येक वर्षं तारखा.

दुसरी किंमत खेळ मोजतो. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. असे पुढचे खेळाडू घडायचे तर आई-बापांनी पोराला मैदानावर पाठवायला हवं, पोरींनाही पाठवायला हवं, आणि घरच्यांना घेऊन सामना बघायला यावंसं वाटायला हवं. गॅलरीतून बाटल्या पडत असतील तर कोण येईल?

मी इकडे साडेसातशे-आठशे किलोमीटरवर बसून यूट्यूबवर सामने बघतो. माझी पेठ नाही, माझी तालीम नाही. तरी कॉर्नर मिळाला की गॅलरीचा जो आवाज येतो ना, तो ऐकून अंगावर काटा येतो. वर्ध्यात असं काही असतं तर मीही कोणत्यातरी बाजूने घसा बसेपर्यंत ओरडलो असतो. म्हणूनच सांगतोय. तुमच्याकडे जे आहे ते देशात फार थोड्या शहरांकडे आहे.

तर यंदाचा दावेदार कोण, हे तुम्ही मला सांगा. पण नुसतं नाव नको. तीनपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देताय ते लिहा, आणि काय घडलं तर मत बदलाल तेही लिहा. चांगली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवतो, दोन्ही बाजूंची.

हा भाग आवडला असेल तर विरुद्ध पेठेतल्या दोस्ताला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर राम राम राजेहो!